कपाटाचा पंचनामा

हवालदार हुक्केरी आले तेव्हा
मी चॅपेलच्या पायरीवर बसून
फाटक्या पुस्तकांना खळ लावत होते.
शनिवार. खानापूरच्या कौलभट्ट्यांचा धूर
मलप्रभेकडं कललेला.

"तक्रार आहे बाई.
पोरं जमवून काहीतरी वाचताय म्हणे.
काय काय, त्याची यादी पाहिजे."
मी म्हटलं, चहा घ्या.
"घेतो की. खरं आधी यादी."

कपाट माझ्या वडिलांचं, फणसाच्या फळ्यांचं.
उजवं दार बिजागरीवर रुसतं,
उचलून धरावं लागतं.
आधी त्यांनी धरलं.
मग लिहायचं कुठल्या हातानं, म्हणून मी.

त्यांनी पट्टीनं तीन रकाने आखले,
धार्मिक, शालेय, इतर.
भाताच्या करप्यावरची पुस्तिका: इतर.
नोहाचं कन्नड व्याकरण: शालेय.
आठवीचं नागरिकशास्त्र
त्यांनी शालेयमध्ये लिहायला घेतलं.
"आम्ही ते प्रार्थनेआधी उघडतो," मी म्हटलं.
पेन हवेत थांबलं.
"मग कुठं लिहू?"
ते मला तरी कुठं ठाऊक होतं!

मागच्या निवडणुकीत पाळकसाहेब म्हणाले होते,
मत दाराबाहेर काढून ठेवा, चपलेसारखं.
मागच्या बाकावरून तबिता बोलली,
मग प्रभूनं ते नाणं मागून का घेतलं,
राजाचं डोकं नीट बघून का विचारलं?
पाळकसाहेब हसले नाहीत.
पुढच्या रविवारी प्रवचन मात्र त्यावरच झालं,
तिचं नाव न घेता,
पाऊण तास.

हे मी हवालदारांना सांगितलं नाही.
फाटकावरच्या पाटीचंही नाही,
एका वर्षी वरच्या लिपीला डांबर,
दुसऱ्या वर्षी खालच्या.
दोन्ही वेळा रॉकेलनं आम्हीच पुसली.
आता दोन्ही भाषा सारख्याच करड्या,
डोळे बारीक केल्याशिवाय
कुठलीच वाचता येत नाही.

मुखपृष्ठ नसलेल्या कादंबऱ्या: इतर.
कवितांचे संग्रह, नऊ: इतर, इतर.
"हे?"
निळं, जाडजूड. आमच्याविरुद्ध लिहिलेलं.
त्यात आमचे आजे मूठभर तांदळाला विकले जातात
प्रकरण दोनपासून शेवटपर्यंत.
"हे तुम्हीच ठेवलंय?"
विकत आणलंय, मी म्हटलं, बेळगावातून, पूर्ण किमतीला.
"कशाला?"
तो खोटं कुठं बोलतो ते पोरांना कळावं म्हणून.
आणि खरं कुठं, तेही.
पान त्रेसष्ट बघा.

बघितलं त्यांनी, उभ्या उभ्याच,
ओठ हलवत, मराठी जड जात असल्यासारखं.
पान त्रेसष्टवर आमच्याच देवळातले बाक आहेत,
बाप्तिस्मा एक, प्याला एक,
आणि तरी कोण कुठं बसायचं
हे गावच्या वेशीनं ठरवलेलं.
माझी आजी शेवटच्या बाकावर बसायची.
तिथून वेदी दिसायची नाही.
खांब दिसायचा.

एकशे बेचाळीस, त्यांनी खाली लिहिलं.
मी सही केली, त्यांनी गार चहा प्यायला.
टेबलावर उघडं असलेलं शास्त्र मोजायचं राहिलं,
त्यावर खळीची वाटी होती.

पुढच्या शनिवारी एकशे एक्केचाळीस भरली.
निळ्याची जागा रिकामी,
दोन्हीकडची पुस्तकं तिथं कललेली.
जप्तीची पावती नाही. मी विचारायला गेले नाही,
ठाण्यात जायचं धाडस झालं नाही, हेही लिहून ठेवते.

महिन्यानं पायरीवर पुडकं,
कन्नड वर्तमानपत्रात बांधलेलं, सुतळीच्या दोन गाठी.
आत निळं पुस्तक.
त्रेसष्टच्या समासात बॉलपेननं
एकच शब्द. गोल, घाईची अक्षरं.
मला कन्नड दुकानांच्या पाट्यांपुरतं येतं.
नोहाला बोलावलं.
त्यानं बोट ठेवून वाचलं,
"नम्मल्लू."

म्हणजे?

"आमच्यातही."

ते पुस्तक आता कुठल्या रकान्यात
मला सांगता येत नाही.
दार उचलून धरलं,
आणि शास्त्राशेजारी
जागा होती, तिथं लावलं.